अळिवाचे साठ लाडू

रेवा रडायच्या चार मिनिटं आधी दारावरची बेल वाजायची.

केतकीनं हे घड्याळ लावून मोजलं होतं. पवनचक्क्या दुरुस्त करण्यात तिची सात वर्षं गेली होती, आणि शंभर मीटर उंचीवर दोराला लोंबकळणाऱ्या माणसाला अंदाजावर जगायची सवय नसते. पोरगी पाळण्यात गाढ झोपलेली. पंखा चालू. कुठं काही नाही. आणि बेल.

दारात शेजारच्या कदमकाकू. हाताला कणीक तशीच.

"उठव तिला. भूक लागलीय."

"काकू, झोपलीय ती."

"झोपलीय, पण लागलीय."

काकूंच्या मागून जिन्यात सुभेदार शेलार दिसायचे. लष्करातून निवृत्त होऊन कारखान्याच्या मेन गेटवर लागलेले, सव्वासहा फूट, मिशीला पीळ. "भूकच हाय ताई," ते खालच्या मजल्यावरूनच कळवायचे. "ग्यास न्हाई. ग्यासचं येगळं कळतंय, हितं." आणि ते शर्टाच्या तिसऱ्या बटणावर बोट ठेवायचे. त्यांच्यामागे वजनकाट्यावरचे दोन कारकून, शाळेच्या मुख्याध्यापिका, तिसऱ्या मजल्यावरचं अख्खं पवार कुटुंब. सगळ्यात शेवटी टायगर, म्हणजे कॉलनीतलं तांबडं भटकं कुत्रं. ते पायपुसण्यावर बसून आभाळाकडं तोंड करायचं.

मग रेवा डोळे उघडायची, जमलेली गर्दी बघायची आणि रीतसर रडायला लागायची. गर्दी केतकीकडं वळायची. अख्ख्या बसला दिसलेला खड्डा एकट्या ड्रायव्हरला दिसला नाही, की प्रवासी त्याच्याकडं बघतात तसं.

केतकीला आधी काही म्हणता काही कळायचं नाही. पोरगी रडली की तिला कळायचं, पोरगी रडली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती वैशाखात वाघजाई सहकारी साखर कारखान्याच्या कॉलनीत आली होती. बाबा तिथं बॉयलर अटेंडंट. तिचा स्वतःचा जन्मही इथलाच, तेव्हाच्या बैठ्या चाळीतला. तिची वार आईनं दवाखान्यातून मागून आणून परसात पुरली होती, वर हळदकुंकू वाहून. त्या चाळी पाडून आता सात मजली इमारत झाली, आणि त्या परसावर पार्किंग. "माझी नाळ चीफ केमिस्टच्या स्कूटरखाली पुरलीय," असं केतकी सासरी सांगायची.

रेवा झाली आणि आईपुढं प्रश्न उभा राहिला. बाळामागून वार पडते. नऊ महिने बाळाला पोसून काम संपलेला, ताटलीएवढा, लालभडक अवयव. दवाखाने तो पिवळ्या पिशवीत भरून जाळायला पाठवतात.

"रक्तामांसाचं आहे ते आपल्या," आई म्हणाली. "कचऱ्यात काय टाकायचं? आणि पुरायचं म्हटलं तर पुरायचं कुठं? पाचव्या मजल्याला परस असतंय का?"

तेव्हा दवाखान्यातल्या मुलीनं पत्रक पुढं केलं. जरायु लॅब्स नावाची कंपनी वार घेऊन जायची आणि चौथ्या दिवशी तिच्या एकशेवीस कॅप्सूल करून परत आणून द्यायची. रोज दोन, साठ दिवस. बाळंतिणीनं घ्यायच्या.

"म्हणजे खायची?" आईनं विचारलं. "शाकाहारी आहे का?"

मुलीनं पत्रक उलटून दाखवलं. हिरवा ठिपका छापावा की लाल, यावर कंपनीत म्हणे सात महिने बैठका झाल्या होत्या. शेवटी त्यांनी गुलाबी ठिपका छापला.

"गुरुवारी चालेल?"

मुलगी आत जाऊन विचारून आली. यावर अजून संशोधन झालेलं नाही, असा आतून निरोप होता.

बाकीचं संशोधन मात्र झालं होतं. वारेच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला बाळ. अन्न आणि प्राणवायू पलीकडं जातो, बाळाचा टाकाऊ भाग अलीकडं येतो, हे शाळेतही शिकवतात. पण त्याच वाटेनं आणखी एक टपाल चालू असतं. वारेच्या पेशी चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्या बांधून आईच्या रक्तात सोडतात आणि प्रत्येक पुडीत एक निरोप असतो. त्यातले काही निरोप आईच्या मेंदूतल्या, वास ओळखणाऱ्या भागाला सांगतात: या वासाचं पोर आपलं. हा वास जवळ असला की निवांत राहा. बदलला की धाव. बाळाला भूक लागायला लागली, की रडू फुटायच्या आधी त्याच्या कातडीचा वास कणभर बदलतो, तो पकड.

वार पडली की हे टपाल बंद. पूर्वीही काही देशांतल्या हौशी बायका वार वाळवून, दळून खायच्या, पण पोटातल्या आम्लात पुड्या फुटायच्या आणि निरोप वाटेतच विरघळायचे. जरायु लॅब्सनं प्रत्येक पुडीवर शेवाळापासून केलेला लेप चढवला. मग पुडी आतड्यापर्यंत शाबूत जायला लागली. दर मुलाचा वास वेगळा, म्हणून दर वारेचे निरोप वेगळे. दुसऱ्याची वार खाऊन आपल्या पोराची ओढ लागत नाही. पण आपण ती खाल्ली, तर दुसऱ्याच्या पोराची लागते. हे वाक्य पत्रकात शेवटच्या पानावर, गुलाबी ठिपक्याखाली, बारीक अक्षरात होतं.

"मी स्वतःलाच खाणार नाहीये," केतकी म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.

आईच्या 'बरं'चा अर्थ तिला एकोणतीस वर्षांत कळायला हवा होता.

पाचव्या दिवसापासून लाडू सुरू झाले. डिंक, खारीक, सुकं खोबरं आणि अळीव. रोज सकाळी एक, वाटीत घालून, समोर उभं राहून. केतकीला लहानपणापासून अळिवाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. पण पहिलटकरणीला अळिवाचा लाडू नको म्हणायची सोय या राज्यात नाही. ती लाडू घ्यायची, आईच्या डोळ्यांदेखत तोंडाशी धरून नुसतंच चघळल्यासारखं करायची, आणि आई पाणी आणायला वळली की लाडू उशीमागच्या स्टीलच्या डब्यात. दुपारी बाळ बघायला कुणी आलं की डबा उघडायचा.

"घ्या ना काकू. बाळंतिणीच्या हातचं नको म्हणू नये."

कोण नको म्हणणार? सुभेदार शेलारांनी तर तीन खाल्ले. बाबांनी दोन. टायगरला एक, खिडकीतून. दोन महिन्यांत डबा साठांतल्या अठ्ठावन्न वेळा भरला आणि रिकामा झाला. शेवटचे दोन दिवस केतकीला ताप होता, ते दोन लाडू आईनं उचलून फ्रीजरमध्ये ठेवले.

घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांत एकच माणूस लाडू न खाल्लेला सापडला असता: केतकीचा नवरा समरजित. त्यानं साखर सोडली होती. साखर कारखान्याच्या कॉलनीत जावयानं साखर सोडणं म्हणजे काय, ते इथं लिहीत नाही.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, पोरगीच लाघवी आहे.

तीन महिन्यांनी केतकी सासरी जायला निघाली, तर कदमकाकूंना चक्कर आली. चौथ्या महिन्यात निघाली, तर सुभेदारांना गेटची किल्ली सापडेना. पाचव्यात आईनंच अमावस्या काढली. सहावा लागला. दहा नोव्हेंबरला केतकीची रजा संपत होती आणि त्या दिवशी तिला तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हजर व्हायचं होतं. समुद्रात उभ्या केलेल्या नव्या पवनचक्क्या, तिच्या हाताखाली सहा माणसं, तळावर पाळणाघर, समरजितला तिथंच ड्रोन उडवायचं काम. ही जागा मिळवायला तिनं चार वर्षं परीक्षा दिल्या होत्या. गेली नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती. तो माणूस तिला दर आठवड्याला 'बाळ कसं आहे' असा मेसेज पाठवायचा.

दसऱ्याला कारखान्यात बॉयलर पेटवतात. सगळे तिकडं गुंतलेले बघून केतकी आणि समरजित रेवाला घेऊन पाटणला सासरी निघाले. अकरा किलोमीटर गेले असतील. समरजितनं आरशात बघितलं.

"आपल्या मागं वरात आहे."

वीस-बावीस दुचाक्या, कारखान्याची शाळेची बस, ऊस विकास अधिकाऱ्यांची जीप. सगळ्यांत पुढं मोपेडवर बाबा, हातात अजून बॉयलरचे जाड हातमोजे, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बाबा! बॉयलर?"

"विझला असंल," बाबा म्हणाले. "दे तिला जरा इकडं."

केतकी त्यांच्याकडं बघतच राहिली. तिच्या जन्माच्या वेळी हा माणूस तीन दिवसांनी दवाखान्यात आला होता, कारण हंगाम होता.

कारखान्याचे कार्यकारी संचालक घोरपडेसाहेब. त्यांनी लाडू खाल्ला नव्हता, म्हणून डॉक्टर बोलावला. लक्षणं ऐकून दवाखान्यानं जरायु लॅब्सचे डॉ. बागवान पाठवले. तरुण, सभ्य, घाबरलेले. त्यांनी कम्युनिटी हॉलमध्ये टेबल मांडलं. माणसाच्या बोटाला चिमटा लावायचा, डोळ्यांवर पट्टी, नाकाखाली रेवाचं वापरलेलं दुपटं. यंत्र नाडी आणि घाम बघून आकडा सांगायचं. शंभरपैकी.

सुभेदार शेलार: अठ्ठ्याण्णव. कदमकाकू: सत्त्याहत्तर. बाबा: एक्क्याण्णव. टायगरला चिमटा बसेना, पण दुपटं पुढं करताच त्यानं टेबल उलथवलं, म्हणून त्यालाही यादीत धरलं. बेचाळीस माणसं आणि एक कुत्रा.

मग केतकी बसली. यंत्र थोडा वेळ थांबलं.

शून्य.

"पुन्हा लावा," समरजित म्हणाला.

पुन्हा शून्य. समरजितचंही शून्य, पण तो पुरुष असल्यामुळं कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

हॉलमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं, "आईलाच ओढ नाही गं." ज्या आवाजात माणसं मयताला किती वाजता काढणार ते विचारतात, त्या आवाजात.

"तसं नाही," डॉ. बागवान घाईनं म्हणाले. "हे यंत्र फक्त वारेची ओढ मोजतं. नेहमीची आपली... साधी माया मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. ताईंनी कॅप्सूल घेतल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ."

"घेतल्यात तिनं," आई म्हणाली. "अठ्ठावन्न दिवस. मी स्वतः चारल्यात."

"काय चारलंस?" केतकीनं विचारलं.

आईनं पदर सारखा केला. "लाडवातनं. तू गिळणार नव्हतीस, म्हणून सगळ्या फोडून भुकटी मिसळली. दर लाडवात दोन. चव लागू नये म्हणून अळीव जास्त घातला."

केतकीनं डोळे मिटून घेतले. बेचाळीस माणसांना हळूहळू आठवत होतं की आपण कुणाच्या हातून काय खाल्लं.

"आणि तू?" आईनं विचारलं. "तू लाडवांचं काय केलंस?"

उत्तर हॉलभर बसलेलं होतं.

"आम्ही बाई काय खाल्लं मग?" कदमकाकूंनी विचारलं.

"हिची वार," आई म्हणाली.

एक-दोन जण तोंडावर हात धरून बाहेर पळाले. तेवढ्यात रेवाला भूक लागणार होती, म्हणून परत आले.

डॉ. बागवानांनी पुढचं समजावलं. ओढ आपोआप उतरते, पण बाळाचा वास पूर्ण तुटला तरच. वास मिळत राहिला की ती ताजी होत राहते. एकदम तुटला तर पंधरा दिवस रडू, ताप, झोप नाही. कपड्यांतून विरत विरत कमी झाला तर सव्वा महिन्यात माणूस पूर्ववत. "बाळाचं दूध तोडतो, तसंच," ते म्हणाले. "फक्त इथं बाळापासून कॉलनी तोडायची."

"सव्वा महिना?" घोरपडेसाहेब म्हणाले. "चार नोव्हेंबरला मोळी टाकायची आहे. बॉयलर, काटा, गेट, लॅबोरेटरी, सगळीकडं हीच माणसं. ऊस तोडून ठेवायचा आणि यांनी रडत बसायचं?"

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर पत्र लागलं. कु. रेवा समरजित साळुंखे, वय सहा महिने, यांचा समावेश हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या अत्यावश्यक सेवेत करण्यात येत असून, त्यांना लेखी परवानगीशिवाय कॉलनीचे आवार सोडता येणार नाही. खाली सही आणि शिक्का. प्रत माहितीसाठी: पालक.

"हंगाम मार्चमध्ये संपतो," केतकी म्हणाली. "हे बेकायदेशीर आहे, साहेब."

"शंभर टक्के," घोरपडेसाहेब म्हणाले. "तुम्ही कोर्टात जा. तारीख मेमध्ये मिळेल."

पोलीस चौकीला फोन केला. हवालदार येऊन गेला. आला तेव्हा केतकीच्या बाजूनं होता. पण तोही वैशाखात बाळ बघायला आलेला होता, हे केतकी विसरली होती. त्यानं रेवाला मांडीवर घेतलं आणि ड्यूटी संपेपर्यंत दिलंच नाही. डॉ. बागवानांनी यादी दुरुस्त केली. त्रेचाळीस.

आता घरात श्वास घ्यायला जागा उरली नाही. कुणी वाईट वागत नव्हतं, हीच पंचाईत. वाईट वागणाऱ्या माणसाला दारातून घालवता येतं. हे लोक रांगेत यायचे, चपला नीट लावायचे, हात धुवायचे, रेवाच्या टाळूचा एकदा वास घ्यायचे आणि ओलावलेल्या डोळ्यांनी कामावर जायचे. जाताना केतकीला काही ना काही सांगून जायचे. डाव्या कुशीवर घे. ते दुपटं टोचतंय तिला. तिला तुझा आवाज आज नकोय. आणि दर वेळी ते बरोबर असायचे. केतकी रेवाला छातीशी धरायची आणि वाट बघायची, की आपल्याला काहीतरी कळेल. हितं, तिसऱ्या बटणापाशी. काही कळायचं नाही. पोरगी गरम लागायची, जड लागायची, एवढंच.

एका दुपारी ती गच्चीच्या टाकीवर चढून बसली. कॉलनीत तेवढीच उंच जागा होती. मागून धापा टाकत आई आली.

"उतर खाली. पडशील."

"आई, मी एकशेदहा मीटरवर जेवते."

आई टाकीच्या शिडीपाशी, खालीच बसली. कारखान्याच्या मळीचा वास इथंपर्यंत येत होता. या वासात वाढलेल्या माणसांना दुसरा कसलाच वास येत नाही असं म्हणतात, आणि त्याच माणसांना चार मजल्यांवरून रेवाची भूक यायची.

"माझा किती आला आकडा, विचारलं नाहीस," आई म्हणाली.

"किती?"

"शंभर. लाडू वळताना बोटं चाटायची सवय. साठ वेळा." आईनं बोटांकडं बघितलं, जणू ती शेजारणीची होती. "ती आत्ता झोपलीय. बारा मिनिटांनी उठंल. मला इथं बसून कळतंय. भारी असतंय ते, खोटं कशाला बोलू? काही शंकाच नाही मनात. सरळ दोरी ओढल्यासारखं."

"मग मी वाईट आहे का गं?"

"तुझ्या वेळी मला काही कळायचं नाही," आई म्हणाली. "तू रडायचीस. मी दूध द्यायची, तू थुंकायचीस. मी झोका द्यायची, तू अजून रडायचीस. एकदा तर मीच तुझ्याशेजारी बसून रडले, आणि तू गप्प झालीस, बघत बसलीस. असं दोन वर्षं. चुकत चुकत." तिनं शिडीची खालची पायरी पदरानं पुसली. "तुझ्यासाठी कुणी मला भुकटी दिली नव्हती. तरी तू त्या वाऱ्याच्या खांबावर चढतीस, तेव्हा मी इथं रोज पंखा बंद करून बसते. उगीच. तेवढाच वारा कमी."

केतकी टाकीवरून उतरली.

"शंभराची ओढ आहे माझी रेवाची," आई म्हणाली. "तू नेलीस तर मला काय होईल, ते मला आत्तापासून होतंय. पण ती ओढ डब्यातनं आलीय, केतकी. तुझी तशी नाही. कधी निघायचं, सांग."

"गेटवर सुभेदार आहेत."

"सुभेदाराला नाक आहे," आई म्हणाली. "डोकं नाही. किती दिवसांची दुपटी धुतली नाहीत?"

"आज धुवायला टाकणार होते."

"टाकू नकोस."

चार नोव्हेंबरला मोळीपूजनाचा मांडव सजला. गव्हाणीच्या पट्ट्यावर पहिली उसाची मोळी टाकली की हंगाम सुरू. अकराचा मुहूर्त. ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत, बँड, घोरपडेसाहेबांच्या डोक्याला फेटा. समरजितची गाडी मागच्या बाजूला, रिकाम्या ट्रॉल्या बाहेर सोडतात त्या फाटकापाशी उभी होती.

पावणेअकराला आई पाचव्या मजल्यावरून खाली आली. कडेवर नऊ दिवसांच्या न धुतलेल्या दुपट्यांत गुंडाळलेलं गाठोडं. आत पाच किलो साखर, एस-तीस म्हणजे बारीक दाण्याची, कारखान्याचीच. त्यावर रेवाची कुंची.

"अगं बाई, पूजेला आणलंय तिला!" कदमकाकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

आई चालायला लागली. मागं काकू, मुख्याध्यापिका, पवार कुटुंब, काट्यावरचे कारकून. सुभेदार शेलारांनी मेन गेट उघडं टाकलं आणि मिरवणुकीच्या कडेनं पहारा देत चालू लागले. बाबांनी बॉयलरवरून वाकून खाली बघितलं आणि गाठोड्याला हात केला. वाफेचा काटा जागचा हलला नाही. घोरपडेसाहेब खूश झाले.

खिडकीतून केतकीनं बघितलं. आई गाठोडं डाव्या कुशीवर घेऊन झोके देत होती. तिला पक्कं माहीत होतं आत काय आहे. साखर तिनंच तोलून भरली होती. तरी तिनं वाकून कुंचीच्या टाळूचा वास घेतला, आणि तिचे डोळे मिटले.

केतकी मागच्या जिन्यानं उतरली. रेवा तिच्या जाकिटात, छातीशी बांधलेली. ट्रॉलीच्या फाटकावर कुणी नव्हतं. समरजितनं गाडी काढली. मागून बँड वाजला, म्हणजे मोळी पडली असणार.

सहा किलोमीटरवर समरजितनं आरशात बघितलं.

"नको सांगूस," केतकी म्हणाली.

"एकच आहे. पण वेगात आहे."

माणसं फसली होती. टायगर फसला नव्हता. जीभ बाहेर, कान मागं, डांबरावरून सरळ रेषेत येत होता. त्याला आत घ्यावं लागलं. तो मागच्या सीटवर रेवाशेजारी बसला, एकदा तिच्या पायाचा वास घेतला, आणि प्रश्न मिटल्यासारखा झोपला.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, जिथं केतकी कामाला लागली होती त्या जुन्या पवनचक्क्यांपाशी, दुपारी एकला रेवा रडायला लागली.

गाडी थांबली. बेल वाजली नव्हती. जिन्यात कुणी नव्हतं. मैलभर गवत आणि पाती फिरण्याचा घरघर आवाज.

"भूक असेल," समरजित म्हणाला.

केतकीनं पाजायला घेतलं. रेवानं तोंड फिरवलं.

"लंगोट?"

कोरडा.

"गॅस?"

"तो कसा कळतो?"

"सुभेदारांना कुठं तरी कळायचा." समरजितनं आपली बटणं मोजली. टी-शर्टाला बटणं नव्हती.

त्यांनी डाव्या कुशीवर घेतलं, उजव्या कुशीवर घेतलं, उभं धरलं. समरजितनं ड्रोन उडवून दाखवला. रडणं वाढलं. टायगर उठून बसला आणि दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. त्या गाडीत नेमकं काय झालंय ते कळणारा एकच जण होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

केतकीनं कोरडी दुपटी काढायला पिशवी उपसली. तळाशी उशीमागचा तो स्टीलचा डबा होता. आत दोन लाडू, फ्रीजरमधले, कडेला अजून दव. आणि वहीच्या पानावर आईचं अक्षर: 'हे शेवटचे. पाहिजे वाटलं तर खा. नाही वाटलं तर काय करायचं ते तुला माहितेय.'

समरजितनं लाडवांकडं बघितलं. त्यानं चार वर्षं साखर खाल्ली नव्हती.

"एकेक खायचा का?" तो म्हणाला. "निदान कळेल तरी."

रेवाचा चेहरा लाल झाला होता. केतकीनं एक लाडू हातात घेतला. अळिवाचा वास आला. एवढा गिळला की शंका संपली. मग पोरगी कधी उठेल ते बारा मिनिटं आधी कळेल, ती का रडतेय ते कळेल, आणि तिच्यापासून एकशेदहा मीटर वर जाता येणार नाही. वर जावंसंच वाटणार नाही. आईचे मिटलेले डोळे तिला दिसले, साखरेच्या गाठोड्यावर वाकलेले.

तिनं डिकीतून मोठा पाना काढला.

सड्यावर माती कमी, खडक फार. जुन्या चक्कीच्या पायथ्याशी तिनं वीतभर खड्डा केला. पुढच्या सीटवर रेवा आकांत करत होती, आणि समरजित तिला कारखान्याचं नोटीस बोर्डावरचं पत्र पाठ म्हणून दाखवत होता, कारण त्याला दुसरं गाणं आठवत नव्हतं. केतकीनं लाडू खड्ड्यात ठेवले. हळदकुंकू नव्हतं. गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीत हळदीचं मलम सापडलं, ते पिळलं. माती लोटली, वर दोन हातांनी उचलेल एवढा दगड ठेवला. टायगरनं लांबूनच हुंगलं आणि तो परत फिरला.

सहा महिन्यांनी एकदाची वार पुरली.

पाना पुसताना तिच्या लक्षात आलं, की मागं शांत आहे.

"काय केलंस?" तिनं ओरडून विचारलं.

"काही नाही," समरजित गाडीबाहेर येत म्हणाला. "'प्रत माहितीसाठी' पर्यंत आलो, आणि ती थांबली."

"का?"

"काय माहीत."

ती गाडीच्या बोनेटला टेकून उभी राहिली. तोही येऊन टेकला. पाती फिरत होती. तिसऱ्या चक्कीचं बेअरिंग घासतंय, हे तिला आवाजावरून कळलं. चार वर्षं ऐकल्यावर कळायला लागलं होतं ते. पहिल्या वर्षी तिनं चुकीची दोन बेअरिंग काढली होती.

गाडीत रेवा पुन्हा रडायला लागली.

दोघं एकदमच धावली, आणि गाडीच्या दारात एकमेकांवर आपटली.